शत्रू विकत मिळत नाही

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं आत शिरलं, तरी एखादी मावशी फुटपाथवर गोणपाट अंथरून स्वराज्य मांडून बसलेली दिसतेच. मधोमध सिंहासनावर महाराज, त्यांच्या भोवती भालाईत मावळे, तुतारी फुंकणारा, तोफेवर ओणवा झालेला गोलंदाज. थोडं पलीकडे डोक्यावर घागर घेतलेली गवळण, नांगर धरलेला शेतकरी आणि एक वाघ. वाघाचं प्रयोजन कुणाला विचारू नये. तो तोफेपेक्षा मोठा असतो, आणि गवळण बुरुजाएवढी. महाराज तर गडाच्या दरवाजातून आत जाऊच शकणार नाहीत, म्हणून त्यांना गडाच्या डोक्यावर बसवायचं. प्रमाणाचा असा भव्य तिरस्कार जगातल्या फार थोड्या कलांना झेपला असेल. पण इतक्या वर्षांत त्या गोणपाटावर मला एक गोष्ट कधीच दिसली नाही, ती म्हणजे शत्रू. सगळे मावळे डोळ्यांत तेल घालून पहारा देताहेत, तोफा ठासलेल्या आहेत, आणि समोर चिटपाखरू नाही. अफजलखान तेवढा मिळतो, पण तोही सुटा नाही. महाराजांच्या मिठीत, जोडीनंच. एकदा मी विचारलं, “मावशी, समोरची फौज नाही का हो?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यासाठी कंसाची मूर्ती मागितली होती. “ते कोण इकत घेतंय बाबा?” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वाघाची किंमत सांगू लागल्या.

खरं तर मातीचा किल्ला करायची ही हौस मुळात पुण्या-साताऱ्याकडची. आमच्या मराठवाड्यात ती शाळेतल्या स्पर्धांबरोबर आणि बदलून आलेल्या नोकरदारांबरोबर रुळली. आमच्या लहानपणीची फौज निराळी होती. पोळ्याला काळ्या मातीचे बैल, ज्यांची शिंगं संध्याकाळपर्यंत टिकली तर घरात आनंद. आणि दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी आणि शेणाचे पांडव. आजी सकाळी सकाळी ओल्या शेणाचे गोळे घेऊन बसायची आणि तिच्या बोटांतून एकेक पांडव उतरायचा. भीम थोडा जाड, सहदेवाच्या वाट्याला उरलंसुरलं. प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूचं फूल खोचलं, की महाभारतातल्या राजपुत्रांचा मुकुटविधी पूर्ण. तिथंही तेच. पांडव पाचही हजर, कौरव एकही नाही. शंभर कौरव करायचे म्हटलं तर गोठ्यातलं शेण पुरलं नसतं हे खरं, पण निदान एक दुर्योधन? आजीला असले प्रश्न पडत नसत. तिच्या अंगणात कुरुक्षेत्र नव्हतंच. पांडव तिथं युद्धाला आलेले नसत, दिवाळीला आलेले असत.

मला हा प्रश्न पडायला लागला तो फार उशिरा, एका परदेशी छंदाच्या नादी लागल्यावर. टेबलावर लढाई मांडायची, फाशांनी आणि नियमांनी ती लढायची, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंचे सैनिक आपल्या हातानं रंगवायचे, असा तो छंद. त्याचं घराणं तसं खानदानी आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या सरावासाठी असा खेळ बसवला, आणि १८२४ मध्ये त्यातल्या लेकानं त्याचे नियम छापले. पुढे एच. जी. वेल्स या लेखकानं १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांशी खेळण्याला प्रौढांची मान्यता मिळवून दिली. त्याच्या पुढच्याच वर्षी युरोपात खरे शिपाई मरायला लागले, तो भाग वेगळा. आजचा शिपाई साधारण २८ मिलिमीटर उंचीचा असतो. म्हणजे माझ्या करंगळीच्या दीड पेराएवढा माणूस. त्याला बंदूक असते, कमरेला तलवार असते, छातीवर पट्टा असतो, आणि धातूच्या ओतकामात राहिलेली एक शिवण असते, जी आधी चाकूनं खरवडावी लागते. मग अस्तराचा हात, मग मूळ रंग, मग पातळ काळपट रंगाचा ओघळ, जो कपड्यांच्या चुण्यांत जाऊन बसतो आणि सावली होतो, आणि शेवटी उंचवट्यांवर उजळ रंगाची नुसती चाहूल. पन्नाशी ओलांडलेला माणूस डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, दुसऱ्याच्या अंगरख्याच्या बंदावर पांढरी रेघ ओढतो आहे, हे दृश्य बाहेरून कसं दिसत असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. घरातल्यांनी ती वेळोवेळी दिलेली आहे.

हे सगळे नियम ज्यांनी लिहिले ते थंड, ओलसर देशांतले लोक. त्यांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, की एक हात वाळेपर्यंत निवांत चहा घ्यावा. लातूर-नांदेडकडच्या मे महिन्यात रंग वाळायची वाट पाहावी लागत नाही. तो बाटलीतून शिपायापर्यंत जायच्या आतच, ब्रशच्या टोकावर, निम्म्या वाटेत वाळतो. त्याला सतत पाण्याचं बोट लावावं लागतं. आणि पाणी हा तर आमच्याकडे अतिशय नाजूक विषय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यात पाच लाख लिटर पाणी. तिचं नाव ठेवलं होतं जलदूत. कालिदासानंतर इतकं आर्त दूतकाव्य कुणी रुळांवर लिहिलं नसेल. त्या उन्हाळ्यात घरात भांड्याचं पाणी झाडाला आणि आंघोळीचं पाणी फरशीला जात होतं, आणि मी मात्र संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ब्रश धुवायला वाटीभर पाणी मागत होतो. ते मिळालं. पण ते देताना बायकोनं विचारलं, “हे लढाईला निघालेत, का आंघोळीला?” तेव्हापासून मी लाल आणि निळ्याला एकच वाटी वापरतो. त्या उन्हाळ्यातले माझे शिपाई सगळे जरा जांभळट आहेत.

सगळ्यात अवघड काम डोळ्यांचं. गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी घरातला सगळ्यात जाणता माणूस करतो. बाकीचे सोंड आणि सोवळं रंगवतात. इथं तशी सोय नाही. मुठीत मावणाऱ्या फौजेत जाणता मीच आणि शिकाऊही मीच. तीन शून्यांच्या ब्रशचे दोन केस ओले करून आधी पांढरा ठिपका, मग त्याच्यावर काळा. ठिपका जरा वर गेला तर शिपाई आकाशाकडे बघतो, जरा बाहेर गेला तर तिरळा होतो, आणि दोन्ही डोळे नेमके मध्यभागी आले तर तो इतका दचकलेला दिसतो, की त्याच्या हातातून बंदूक काढून घ्यावीशी वाटते. पण डोळे जमले, की मात्र काहीतरी घडतं. तोवर टेबलावर धातूचा एक तुकडा होता. आता तिथं कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी आपल्याकडे बघतंय. माझी आई शेजारी शेंगा फोडत बसलेली असायची. तिला बंदुकीचं, पगडीचं काही घेणंदेणं नव्हतं. एकदा तिनं एक शिपाई उचलून उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “डोळे दिलास नं लेकरा, मग नाव बी ठिव की.” मी म्हटलं, “आई, असे कितीतरी आहेत, किती नावं ठेवू?” ती म्हणाली, “त्यांच्या मायनं ठिवलीच होती की.” आणि शेंगा फोडायला लागली.

या छंदाच्या जगात मराठवाड्याला मोठा मान आहे, हे ऐकून आपल्याकडच्या कुणालाही आश्चर्य वाटेल. कारण असई. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं आर्थर वेलस्ली नावाच्या इंग्रज सेनापतीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. वाटाड्यांनी सांगितलं, नदीला उतार नाही. त्यानं पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. त्यानं ठरवलं, की ज्या अर्थी गावं समोरासमोर आहेत त्या अर्थी मधून लोक ये-जा करत असणारच. उतार होता. पुढे हाच माणूस वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून मोठा झाला, पण आपली सर्वांत सरस लढाई कोणती असं विचारलं, की असईचं नाव घ्यायचा. त्यामुळे आज विलायतेत कुठंतरी पावसाळी संध्याकाळी एखादा निवृत्त गृहस्थ आपल्या अभ्यासिकेत शिंद्यांचे गोलंदाज रंगवत बसलेला असतो. त्याला केळणा नदीचं वळण तोंडपाठ असतं. ज्या गोलंदाजांनी मेल्याचं सोंग घेतलं आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पुन्हा तोफा चालवल्या, ते तो फार प्रेमानं रंगवतो. आणि आपल्याकडची एसटी असईच्या फाट्यावरून जाते, तेव्हा खिडकीशेजारचा प्रवासी झोपलेला असतो.

मी असई घेतली नाही. ज्या लढाईत इंग्रज आहे तिथं रंगाचे प्रश्न सुटलेले असतात. त्याच्या प्रत्येक पलटणीच्या कॉलरचा आणि बाहीचा रंग कुठंतरी छापलेला आहे. मला घरातली लढाई हवी होती. ती लातूर जिल्ह्यातच सापडली. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर ते औसा या टापूत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला कोंडीत पकडलं. निजामाकडे सलाबतजंग आणि निजामअली हे भाऊ. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला पेशव्यांना मिळाला. त्यानंतर पुढच्याच महिन्यात भाऊसाहेब परतूरच्या छावणीतून उत्तरेकडे निघाले, आणि वर्ष भरायच्या आत पानिपत झालं. म्हणजे उदगीर ही त्या फौजेची शेवटची आनंदाची गोष्ट. उदगीरच्या किल्ल्यात आज उदागीरबाबांची समाधी आहे, खंदक आहे, आणि दुपारच्या उन्हात बुरुजावर बसून गप्पा मारणारी कॉलेजची पोरं आहेत. पानिपतावर मराठीत जेवढे अश्रू सांडलेत, त्याचा एक थेंबही उदगीरच्या वाट्याला आलेला नाही. जिंकलेल्या लढाया अशाच पोरक्या असतात.

शिपायांच्या पायाखालची जमीन हा भाग मला सोपा वाटला होता. पुस्तकांत वाळू आणि हिरवं कृत्रिम गवत लावायला सांगतात. मी आमच्या रानातली काळी माती चाळून आणली. ती डिंकावर टाकल्यावर आपली आपण भेगाळली, आणि इतकी हुबेहूब भेगाळली की मला भरून आलं. मग मनात आलं, फेब्रुवारीत उदगीरच्या बाजूला काय असतं? रब्बीची ज्वारी. हुरडा नुकताच संपलेला, कणसं टणक होत आलेली, मधेमधे करडईचे पिवळे-केशरी पट्टे, कडेला हरभरा. २८ मिलिमीटरच्या हिशेबात करडईचं फूल टाचणीच्या डोक्याहूनही लहान भरलं. आणि ज्वारी तर माणसाच्या डोक्यावर जाते. इतिहासाशी इमान राखायचं म्हटलं, तर माझी सबंध फौज पिकात बुडून जाणार आणि टेबलावर दिसणार फक्त भाल्यांची टोकं आणि हत्तीची पाठ. त्या खेळाच्या नियमावलीत घोडेस्वाराला उभ्या पिकातून जाताना वेग किती कमी होतो याचं कोष्टक आहे. पीक कुणाचं होतं आणि त्याला भरपाई कोण देणार, याचं कलम नाही. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या माणसांना एक कडक पत्र लिहिलं होतं. कुणब्याच्या घरचं धान्य, भाजी, लाकूडफाटा काही उचलू नका. आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जाईल. जगातल्या कुठल्याही सेनापतीनं आपल्या आज्ञापत्रात उंदराचा इतका गंभीर विचार केला असेल असं मला वाटत नाही. मी माझ्या टेबलाच्या कडेला एक गंजी केली आहे. उंदीर करायचा विचार होता, पण तो त्या मापात ब्रशच्या केसावरच राहिला.

आणि मग शत्रू. मराठी बाजू रंगवून झाली होती. पांढरे अंगरखे, कुणाचा निळा, कुणाचा मळखाऊ भगवा, पगड्या लाल, गुलाबी, पांढऱ्या. त्या फौजेला एकसारखा गणवेश नव्हता, त्यामुळे मला मोकळीक होती. आता निजामाची बाजू. मी नवा रंग काढायला गेलो आणि हात थांबला. निजामाच्या चाकरीत होतं तरी कोण? धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन फार पूर्वीच निजामाकडे गेला होता, त्याच्या घराण्याची चाकरी तिकडेच. निंबाळकरांपैकी रावरंभा तिकडेच. याच मुलुखातली, हीच भाषा बोलणारी, याच चुलीवरची भाकरी खाणारी माणसं. उलट पेशव्यांच्या बाजूनं ज्यानं तोफा चालवल्या तो इब्राहिमखान गारदी, जो थोडे दिवस आधीपर्यंत निजामाच्याच पदरी होता. तिथं फ्रेंचांच्या शिस्तीत तयार झालेला, तिथून निघालेला, आणि आता जुन्या धन्यावर नव्या धन्याच्या तोफा डागणारा. त्याच्या पलटणीचे डगले मी आधीच रंगवले होते, आपल्या बाजूचे म्हणून. तेच डगले समोरच्या बाजूलाही लागणार होते. पस्तीस वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, इथून जवळच खर्ड्याला पुन्हा पेशवे आणि निजाम समोरासमोर आले, तेव्हा तर शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँ नावाच्या फ्रेंचाकडे आणि निजामाच्या रेमाँ नावाच्या फ्रेंचाकडे. त्या लढाईत निजामाच्या जनान्याच्या पहाऱ्यावर असणाऱ्या, बंदुका घेतलेल्या बायकांची पलटणही होती. ती मला फार रंगवायची आहे. ती कुठल्याही कारखान्यात ओतलेली मिळत नाही. आजीच्या पद्धतीनं हातानंच घडवावी लागेल.

मी शेवटी नवा रंग उघडलाच नाही. त्याच बाटल्या, तीच लाल, तीच गुलाबी, तोच पांढऱ्यात थोडा मळ. रंगवताना एकदा लक्षात आलं, की समोरच्या बाजूचे डोळे माझ्याकडून जास्त नीट होताहेत, कारण तोवर हात बसला होता. हे थोडं अन्यायाचं वाटलं, पण दुरुस्त करण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आमची बाजू कोणती, हा प्रश्न लातूर-नांदेडच्या माणसाला इतर मराठी माणसाइतका सोपा नाही. आमचे आजे-पणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची रयत. जमिनीचे कागद उर्दूत, शाळा उर्दूत, नाणं हाली शिक्क्याचं. रझाकारांचा म्होरक्या झालेला कासिम रझवी लातुरात वकिली करत होता, आणि त्यांच्याशी झुंजणारी माणसंही इथल्याच गावांतली. १७६० साली आमच्या घराण्यातलं कुणी त्या ज्वारीच्या रानात उभं असेलच, तर कुणाच्या बाजूनं? मला वाटतं, बहुधा तिसऱ्याच बाजूनं, पिकाच्या. तरी मी दोन्हीकडे एकेक शिपाई जरा आमच्या आजोबांच्या नाकाचा केला आहे. धातूत नाक बदलता येत नाही, पण रंगाच्या जाड थेंबानं थोडं पुढे काढता येतं.

आता अडचण एवढीच, की दोन्ही फौजा एका बुटाच्या खोक्यात राहतात. मागच्या खेपेला भाच्यानं त्या उघडल्या, टेबलावर मांडल्या आणि विचारलं, “मामा, ह्यातले आपले कोणते?” मी भिंग लावून बघितलं. सांगता येईना. गारदी म्हणजे गारदी, तो कुठंही उभा केला तरी गारदीच दिसतो; आणि गुलाबी पगडीवाले तर इकडेही होते आणि तिकडेही. तळाला खूण करून ठेवावी असं दर वेळी ठरवतो. भाच्यानं मात्र सरळ मधोमध रेघ मारून अर्धे इकडे, अर्धे तिकडे वाटून घेतले आणि फासे टाकायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत निजाम जिंकला. भाचा पुण्यात वाढलेला आहे. त्याला ते जरा लागलं.

अजून काही शिपाई नुसत्या अस्तरावर, राखाडी उभे आहेत. मराठी शिपायाच्या पगडीचे रंग पुस्तकांतून थोडेफार कळतात, पण ती पुस्तकं बहुतेक इंग्रजांनी लांबून पाहून लिहिलेली. म्हणून वाचकांना एक विनंती. उदगीर, औसा, धारूर, कंधार, परतूर या भागात कुणाच्या वाड्यात, माळ्यावरच्या ट्रंकेत, जुनी पगडी, अंगरख्याचा तुकडा, पटक्याची पट्टी असं काही पडून असेल, तर ती झाडून एकदा उजेडात बघा आणि तिचा रंग मला कळवा. ती कुठल्या बाजूची होती, हे नाही समजलं तरी चालेल.